सभासद विसरला तर पासवर्ड सांगता आला पाहिजे, असं संस्था म्हणते तेव्हा

तुमची अडचण थोडक्यात अशी. कागल भागातल्या काही दूध संस्था आणि दोन-तीन पतसंस्था यांचं सॉफ्टवेअर तुम्ही सांभाळता, पीएचपी या भाषेत आणि मायएसक्यूएल या डेटाबेसवर. सगळे मिळून सभासद चाळीस हजारांच्या घरात. पासवर्ड आजवर एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीने ठेवलेत (हॅश म्हणजे काय ते खाली येतं). आता सभासदांसाठी मोबाईल ॲप येतंय, ऑडिटरने एमडी५ वर लाल रेघ मारलीय, आणि सचिव मंडळी म्हणतात, बदलताच आहात तर असं बसवा की सभासद विसरला तर त्याला पासवर्ड सांगता येईल. म्हणून तुम्ही विचारताय, एईएस पद्धतीने एनक्रिप्ट करून, म्हणजे किल्लीने पुन्हा उघडता येईल असे कुलूपबंद करून ठेवू का?

नको. आणि हे ‘नको’ सचिवांच्याही गळी उतरायला हवं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी एक गोष्ट धरून चाला : सभासदांचं टेबल, म्हणजे डेटाबेसमधली त्यांची पासवर्डासकटची यादी, कधी ना कधी बाहेर जाणार. हॅकर वगैरे फार लांबची गोष्ट. आपल्याकडे रोजचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतात आणि तो पेनड्राइव्ह सचिवांच्या शर्टाच्या खिशात घरी जातो. कुठे तो जीमेलवर पाठवलेला असतो. कुठे जुना सीपीयू कोल्हापुरात राजारामपुरीत दुरुस्तीला टाकलेला असतो, आत हार्डडिस्क तशीच. स्वस्तातल्या होस्टिंगवर पीएचपीमायॲडमिन, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन, जगाला उघडं असतं, तो प्रकार वेगळाच. त्यामुळे ‘टेबल कुणाच्या हाती लागू नये’ ही काळजी घ्याच, पण पासवर्ड कसा साठवायचा हे ठरवताना ते हाती लागलंय असंच समजून विचार करायचा. मग प्रश्न एवढाच उरतो : ज्याच्या हाती लागलं त्याला एकेक अंदाज तपासून बघायला काय किंमत मोजावी लागेल? खालचं सगळं या एका प्रश्नातूनच निघतं.

एनक्रिप्शन इथेच बाद होतं. एनक्रिप्ट केलेलं उघडायला किल्ली लागते, आणि प्रत्येक लॉगिनला ती प्रोग्रॅमला हवी, म्हणजे ती त्याच सर्व्हरवर कुठल्या तरी कॉन्फिग फाइलमध्ये असणार. टेबल नेणारा बहुतेक वेळा ती फाइलही नेतो. मग किंमत शून्य, चाळीस हजार पासवर्ड एका झटक्यात उघडे. किल्ली सापडली नाही तरी भलं होतं असं नाही. २०१३ मध्ये अडोबीचा डेटा फुटला, १५ कोटींवर खाती. त्यांनी पासवर्ड ट्रिपल-डीईएस या जुन्या पद्धतीने, एकाच किल्लीने एनक्रिप्ट केले होते, तेही ईसीबी प्रकाराने, ज्यात सारखा मजकूर सारखाच एनक्रिप्ट होतो, आणि सॉल्टशिवाय (सॉल्टबद्दल पुढे येईलच). त्यामुळे सारखे पासवर्ड टेबलात सारखेच दिसत होते, आणि शेजारच्या रकान्यात वापरकर्त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या खुणा साध्या अक्षरांत. हजारो लोकांचा पासवर्ड एकच आणि त्यातल्या एकाने खूण लिहिलीय ‘एक ते सहा’. किल्ली न शोधताच लोकांनी ते कोड्यासारखं सोडवत नेलं.

हॅश म्हणजे पासवर्डवर ठरलेली गणिती क्रिया करून काढलेली अक्षरमाळ. हॅश उलटा फिरत नाही. गुऱ्हाळात चरकातून गेलेल्या उसाची मोळी परत बांधता येत नाही, तसंच. लॉगिनच्या वेळी माणसाने टाइप केलेला पासवर्ड पुन्हा त्याच पद्धतीने हॅश करायचा आणि साठवलेल्याशी जुळतो का बघायचं. मूळ पासवर्ड कुणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही.

सचिवांना हे तांत्रिक कारण सांगू नका, उपयोग होत नाही. त्यांना असं सांगा : उद्या एखादा सभासद येऊन म्हणाला, ‘माझ्या खात्यावरचे पैसे मी वळते केलेच न्हाईत, माझा पासवर्ड सायबांना म्हाईत हुता’, तर तुम्ही काय उत्तर देणार? पासवर्ड दिसत असेल तर तो बघू शकणारा प्रत्येक माणूस संशयित : सचिव, क्लार्क, आणि आपण सॉफ्टवेअरवालेही. दिसतच नसेल तर संशयाला जागा राहत नाही. माझ्या अनुभवात हा मुद्दा मांडला की ‘सांगता आला पाहिजे’ ही मागणी तिथल्या तिथे मागे घेतली जाते. चेअरमन बैठकीला असतील तर आणखीच लवकर.

एनक्रिप्शनला जागा आहे, पण वेगळ्या ठिकाणी. एसएमएस गेटवेची किल्ली, मेल सर्व्हरचा पासवर्ड, बँकेशी जोडणीचे तपशील, या गोष्टी प्रोग्रॅमला मूळ रूपातच वापराव्या लागतात, म्हणून त्या एनक्रिप्ट करून ठेवतात. सभासदाचा पासवर्ड प्रोग्रॅमला वापरायचा नसतो, फक्त ताडून बघायचा असतो.

आता एमडी५. ऑडिटर बरोबर आहे, पण कारण बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. ‘एमडी५ फुटलंय’ असं म्हणतात ते दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश काढून दाखवता येतो म्हणून, आणि पासवर्डच्या बाबतीत त्याचा फारसा संबंध नाही. इथे दोष आहे तो वेगाचा. अंदाज हॅश करून पासवर्ड शोधणारं हॅशकॅट नावाचं साधन कुणालाही फुकट मिळतं. गेम खेळायला पोरं घेतात त्या आरटीएक्स ४०९० या एका कार्डावर ते सेकंदाला सुमारे १६,४०० कोटी एमडी५ काढतं. इंग्रजी लहान अक्षरांचे आठ अक्षरी जितके म्हणून पासवर्ड होऊ शकतात ते सगळे मिळून साधारण २०,९०० कोटी. म्हणजे सव्वा सेकंद. मोबाईल नंबर हाच पासवर्ड असेल तर डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणून ‘एमडी५ ऐवजी एसएचए-२५६ हा नवा हॅश लावला’ असं कुणी सांगितलं तर फार खूश होऊ नका. तोही त्याच कार्डावर सेकंदाला सुमारे २,२०० कोटी निघतो. हे हॅश मुळात मोठ्या फाइली भराभर तपासण्यासाठी बनवलेले, तिथे वेग हाच त्यांचा गुण.

दुसरा दोष सॉल्ट नसण्याचा. तुमच्या टेबलात ई१०एडीसी अशी सुरू होणारी ओळ शोधा. ती १२३४५६ ची आहे, आणि सचिव विसरलेल्या सभासदांना जे ‘सोपं’ काहीतरी करून देतात ते बघता ती एकदाच सापडणार नाही. सॉल्ट म्हणजे प्रत्येक सभासदासाठी वेगळी, यादृच्छिक अक्षरमाळ पासवर्डला जोडून मग हॅश करणं. ती गुप्त नसते, हॅशच्या शेजारीच ठेवतात. तिच्यामुळे होतं काय, की एक अंदाज एकदाच हॅश करून चाळीस हजार ओळींशी ताडता येत नाही, प्रत्येक सभासदासाठी वेगळा हॅश काढावा लागतो. आधीच तयार करून ठेवलेली कोष्टकंही निकामी होतात. ही युक्ती नवी नाही. युनिक्समध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या लेखात ती मांडली. त्याच लेखात त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१ सहज ओळखता आले असं लिहिलंय. माणूस तेव्हाही असाच होता. तरीही २०१२ मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख हॅश बाहेर आले ते बिनसॉल्टचे एसएचए-१ होते.

तर हवी ती मुद्दाम हळू केलेली पद्धत. पर्याय चारच आहेत, त्यातला पीबीकेडीएफ२ तुम्हाला लागणार नाही. तो एखाद्या सरकारी मानकाची अट असेल तिथे वापरतात आणि मग किमान ६ लाख फेऱ्या द्याव्या लागतात. एसक्रिप्ट चांगला आहे, पण आज नव्याने घ्यायचा तर त्याच विचाराचा पुढचा आर्गॉन२ घ्यावा. राहिले बीक्रिप्ट आणि आर्गॉन२आयडी.

बीक्रिप्ट १९९९ चा, नील्स प्रोवोस आणि डेव्हिड माझिएर यांचा. त्यात ‘कॉस्ट’ नावाचा आकडा असतो. तो एकाने वाढवला की काम दुप्पट. मघाच्याच कार्डावर कॉस्ट ५ ला सेकंदाला साधारण १ लाख ८४ हजार अंदाज तपासता येतात, कॉस्ट १२ ला उरतात चौदाशेच्या आसपास. कुठे १६,४०० कोटी आणि कुठे चौदाशे. मघाचे आठ अक्षरी पासवर्ड आता सव्वा सेकंदाऐवजी पावणेपाच वर्षं घेतील, तेही एका सभासदासाठी.

आर्गॉन२ने २०१५ मध्ये संपलेली पासवर्ड हॅशिंगची खुली स्पर्धा जिंकली. २०२१ पासून तो इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आरएफसी ९१०६ म्हणून नोंदलेला आहे. त्याची खुबी अशी की तो वेळेबरोबर मेमरीही खातो, आणि ग्राफिक्स कार्डावर हजारो अंदाज एकदम चालवायचे तर तेवढ्या पट मेमरी कुठून आणणार? ओडब्ल्यूएएसपी या वेब-सुरक्षा संस्थेची किमान शिफारस आहे १९ एमबी मेमरी, २ फेऱ्या, १ धागा. कागदावर तोच सरस. पण तुमचा सर्व्हर बघा. एक जीबीचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) असेल आणि दूध बिल जमा झाल्याचा मेसेज गेल्यावर पन्नास जण एकदम लॉगिन करायला आले, तर ५० गुणिले १९, साडेनऊशे एमबी नुसत्या पासवर्ड तपासणीत गेले. मायएसक्यूएल तिथेच मान टाकणार. तुमच्या परिस्थितीत मी बीक्रिप्ट, कॉस्ट १२ घेईन. सर्व्हर मोठा झाला की आर्गॉन२आयडीवर जाता येतं, पीएचपीत ती सोय आहे आणि तिच्याबद्दल पुढे लिहिलंय. कॉस्ट मात्र कुणाच्या सांगण्यावरून ठरवू नका. तुमच्या खऱ्या सर्व्हरवर, गर्दीच्या वेळी मोजा. एका तपासणीला पाव ते अर्धा सेकंद लागला तर सभासदाला जाणवत नाही. १० च्या खाली उतरायचं नाही.

स्वतःचं काहीतरी शोधून काढू नका. ‘एमडी५ काढून उलटा केला, मग बेस६४, मग पुन्हा एमडी५’ असली रत्नं मी आपल्याच भागातल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिली आहेत. तुमचा कोड गुप्त राहील यावर ते सगळं उभं असतं, आणि कोड टेबलाबरोबरच जातो. मोबाईल ॲपमध्येच हॅश करून पाठवणं हाही त्यातलाच प्रकार : मग तो हॅशच पासवर्ड बनतो, चोराला मूळ पासवर्डची गरजच उरत नाही. वाटेतली काळजी एचटीटीपीएस घेतं, हॅश सर्व्हरवरच करायचा.

पीएचपीत २०१३ च्या ५.५ आवृत्तीपासून पासवर्ड_हॅश आणि पासवर्ड_व्हेरिफाय ही दोन फंक्शनं आहेत. सॉल्ट तीच तयार करतात, हॅशमध्येच पद्धत, कॉस्ट आणि सॉल्ट नोंदवून ठेवतात, तुलनाही वेळेचा सुगावा लागू न देता करतात. सॉल्टसाठी वेगळा रकाना नको. रकाना फक्त २५५ अक्षरांचा ठेवा. बीक्रिप्टची ओळ ६० अक्षरांची असते आणि तुमचा जुना रकाना एमडी५ साठी ३२ चा असणार. मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये नसेल तर ते निमूटपणे ३२ अक्षरं ठेवून बाकीची टाकून देतं, आणि सकाळी कुणालाच लॉगिन होत नाही. आणखी एक : पासवर्ड_हॅशचा मूळचा कॉस्ट बरीच वर्षं १० होता, २०२४ च्या ८.४ आवृत्तीत तो १२ झाला. तेव्हा आकडा स्वतः लिहूनच द्या, आवृत्तीवर सोडू नका.

आता अशी एक गोष्ट जी इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही, कारण तिचा फटका आपल्यालाच बसतो. बीक्रिप्ट पासवर्डची पहिली ७२ बाइटच बघतो, पुढचं सोडून देतो. इंग्रजीत ती ७२ अक्षरं, कुणाला कळतही नाही. देवनागरीत मात्र यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे हातात उरतात २४ चिन्हं. एखाद्या सभासदाने ‘पंचगंगेच्या घाटावर दिवे लागले’ असा छान लांब पासवर्ड ठेवला तर शेवटच्या शब्दातल्या ‘ला’ वर नेमकी ७२ बाइट भरतात. त्याच्या खात्यात ‘दिवे लागले’, ‘दिवे लावले’, ‘दिवे लाल’, काहीही चालेल. इथे तोटा लहान आहे, पण पासवर्डच्या आधी नाव वगैरे जोडून हॅश करायची सवय असेल तर मामला गंभीर होतो. २०२४ मध्ये ओक्टा या लॉगिन सेवेत नेमकं तेच घडलं : आयडी, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड एकत्र करून बीक्रिप्टला दिलेले, आणि नाव ५२ किंवा त्याहून जास्त अक्षरांचं असलं की काही परिस्थितीत पासवर्डपर्यंत पोचायच्या आधीच मर्यादा संपायची.

देवनागरीची दुसरी खोच ‘ऱ’ ची. एका सभासदाने ‘गुऱ्हाळ’ हा शब्द पासवर्डात घातला. एका कीबोर्डवर तो ‘ऱ’ हे एकच चिन्ह पाठवतो, दुसऱ्यावर ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन, तिसऱ्यावर ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखे, हॅश तिन्हींचे वेगळे. मोबाईल बदलला की माणूस आपल्याच खात्याबाहेर, आणि शपथेवर सांगतो की पासवर्ड बरोबरच टाकतोय. तो खरंच बरोबर असतो. उपाय : हॅशच्या आधी युनिकोड नॉर्मलायझेशन करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणा. पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमध्ये ते आहे, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची २०१७ ची शिफारस त्याच्या एनएफकेसी किंवा एनएफकेडी या प्रकारांची होती. त्याने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही, त्याच्यासाठी ‘र, हलन्त, जोडक’ दिसलं की ‘ऱ, हलन्त’ करा, अशी एक ओळ आपली आपणच लिहायची. मराठीत पासवर्ड कोण ठेवतंय असं म्हणाल, पण आवाजाने टाइप करणारे म्हातारे सभासद ॲपवर आले की बघा.

७२ बाइटच्या अडचणीवर आणि पुढे येणाऱ्या एमपिनच्या (ॲपच्या छोट्या आकडी पासवर्डच्या) अडचणीवर एकच औषध चालतं. पासवर्ड थेट बीक्रिप्टला न देता आधी एका गुप्त किल्लीने त्याचा एचमॅक-एसएचए-२५६ (किल्ली मिसळून केलेला हॅश) काढायचा, तो बेस६४ करायचा, म्हणजे साध्या अक्षरांत लिहायचा (४४ अक्षरं होतात, ७२ च्या आत) आणि मग बीक्रिप्टला द्यायचा. बेस६४ गाळू नका. कच्च्या बाइटमध्ये मधेच शून्य बाइट आली तर कुठे बीक्रिप्ट तिथेच थांबतो, कुठे फंक्शन नकारच देतं. या गुप्त किल्लीला पेपर म्हणतात. ती डेटाबेसमध्ये नसते, म्हणून नुसता बॅकअप नेणाऱ्याला एकही अंदाज तपासता येत नाही. अट एकच : ती किल्ली त्याच पेनड्राइव्हवर जाता कामा नये. पूर्ण फोल्डर झिप करून बॅकअप घेण्याची पद्धत असेल तर आधी ती मोडा. आणि किल्लीची एक प्रत कागदावर, पाकिटात, संस्थेच्या तिजोरीत ठेवा. हरवली तर चाळीस हजार लोकांना नवे पासवर्ड द्यावे लागतील.

एमपिन का वेगळा, तर आकडेच बघा. चार आकडी पिन दहा हजारच होऊ शकतात. बीक्रिप्ट कॉस्ट १२ ला सेकंदाला चौदाशे, म्हणजे सात सेकंद. जन्मतारीख हा पासवर्ड असेल तर शंभर वर्षांच्या तारखा साडेछत्तीस हजार, अर्धं मिनिटही नाही. मोबाईल नंबरला महिनाभर लागेल. हळू हॅशने कमकुवत पासवर्ड बळकट होत नाही, फक्त अंदाजाची किंमत वाढते, आणि अंदाजच मोजके असतील तर वाढलेली किंमतही परवडते. त्यामुळे एमपिन नुसता हॅशच्या भरवशावर सोडू नका. तो एका नोंदणी केलेल्या मोबाईलपुरताच चालावा, पाच चुकांनंतर बंद व्हावा, आणि साठवताना पेपर हवाच.

याच हिशेबाने पासवर्डही आधीच गाळून घ्यायचे. समजा चोराने सगळ्यात जास्त वापरले जाणारे हजार पासवर्ड घेतले आणि तुमच्या चाळीस हजार सभासदांवर चालवले. चार कोटी अंदाज, एका कार्डावर आठ तास. रात्री लावून झोपला की सकाळी यादी तयार. जगभरच्या फुटलेल्या पासवर्डांची यादी हॅव आय बीन पॉन्ड या सेवेकडे मिळते. पासवर्ड न पाठवता, त्याच्या एसएचए-१ हॅशची पहिली पाच अक्षरं पाठवून विचारता येतं, किंवा पूर्ण यादी उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवता येते. पण त्यात आपली यादी आपण घालायची : अंबाबाई, जोतिबा, चांगभलं, शाहू, एमएच०९, पिनकोड ४१६००१, ०२३१, संस्थेचं नाव, गावाचं नाव आणि त्यापुढे १२३ किंवा ॲट-चं चिन्ह आणि १२३. सभासद क्रमांक तर पहिला बाद. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह यांची सक्ती आणि दर ९० दिवसांनी बदलायची सक्ती या दोन्ही एनआयएसटीने २०१७ मध्येच नकोत म्हटल्या, कारण सक्तीतून जोतिबा@१, जोतिबा@२, जोतिबा@३ एवढंच निघतं. ऑडिटरच्या छापील यादीत ९० दिवस असतीलच. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कर्मचाऱ्यांच्या खात्यांना लावा आणि सभासदांना त्यातून वगळायचं कारण लेखी द्या. लांबी मात्र बघा : कमीत कमी आठ, आणि वरची मर्यादा निदान ६४. कुणी एक एमबीचा पासवर्ड पाठवून सर्व्हर दमवू नये म्हणून दारातच १२८ वर अडवा. चुकीच्या लॉगिनच्या वेगालाही लगाम घाला, कारण हळू हॅश तुमच्याही प्रोसेसरला हळूच असतो.

आता जुन्यावरून नव्यावर कसं जायचं. सभासद लॉगिन करेल तेव्हा त्याचा हॅश बदलू, असं बरेच जण करतात. पण निम्मे सभासद सहा महिने लॉगिनच करत नाहीत आणि त्यांचे एमडी५ तसेच पडून राहतात. त्यापेक्षा आहे त्या एमडी५ लाच पासवर्ड समजून वरून एचमॅक आणि बीक्रिप्ट चढवा. त्यासाठी कुणाचा पासवर्ड माहीत असायची गरज नाही. चाळीस हजार ओळी, प्रत्येकी पाव सेकंद, पावणेतीन तासांत उरकतं, रात्रीत होऊन जाईल. शेजारी एक खूण ठेवा की ही ओळ ‘आत एमडी५’ प्रकारची आहे. पुढे सभासदाने लॉगिन केलं की टाइप केलेल्याचा एमडी५ काढून ताडा, जुळलं तर तिथेच मूळ पासवर्डचा नवा हॅश करून खूण काढून टाका. नंतर कॉस्ट वाढवायचा असेल किंवा आर्गॉन२आयडीवर जायचं असेल तेव्हा पासवर्ड_नीड्स_रिहॅश हे फंक्शन हेच काम करतं. वर्षभरात न आलेल्यांना नवा पासवर्ड घ्यायला लावा. ‘आत एमडी५’ हा कायमचा मुक्काम नाही.

हे चालवण्याआधी जुने एमडी५ नीट बघा. जुना कोड डॉटनेटमधला असेल तर ते मोठ्या लिपीत, कधी मधे आडव्या रेघांसह असतात, पीएचपी लहान लिपीत काढतं. सगळे एका रूपात आणल्याशिवाय वरून बीक्रिप्ट चढवला तर एकही जुळणार नाही. आणि एखाद्या संस्थेत पासवर्ड उघडेच ठेवलेले निघाले (निघतात), तर मायएसक्यूएल तुलनेत लहान-मोठी लिपी सारखीच धरत आलंय हे लक्षात घ्या. तिथले सभासद वर्षानुवर्षं पहिलं अक्षर कधी मोठं, कधी लहान टाकत आलेत आणि हॅशनंतर त्यांना एकदम ‘चुकीचा पासवर्ड’ दिसेल. त्यांच्यासाठी रिसेटची सोय आदल्या दिवशीच तयार हवी.

रिसेट म्हणजे सचिवांच्या पडद्यावर ‘पासवर्ड बघा’ ऐवजी ‘नवा प्रवेश द्या’ हे बटण. त्यातून निघणारा कोड एकदाच दिसेल, अर्ध्या तासात मरेल, आणि सभासदाला लगेच स्वतःचा पासवर्ड ठेवायला लावेल. बटण कुणी, कधी, कुणासाठी दाबलं याची नोंद होईल आणि सभासदाच्या मोबाईलवर तसा मेसेजही जाईल. स्वतःहून ॲपवरून रिसेट करणाऱ्याला ओटीपी. लिंक पाठवत असाल तर तिच्यातला टोकन ३२ यादृच्छिक बाइटचा करा आणि टेबलात त्याचा नुसता एसएचए-२५६ ठेवा. इथे वेगवान हॅश चालतो, कारण ३२ यादृच्छिक बाइट अंदाजाने सापडत नाहीत. सहा आकडी ओटीपीला मात्र हा नियम लागू नाही. तो काही मिनिटांत मरतो आणि मोजक्या चुकांनंतर बंद होतो, म्हणूनच सुरक्षित.

आणि मग इतर रकाने, इतर फाइली. २०१५ मध्ये ॲशले मॅडिसन या डेटिंग संकेतस्थळाचा डेटा फुटला. पासवर्ड बीक्रिप्ट कॉस्ट १२ ने ठेवलेले, कुणीही शाबासकी द्यावी असे. पण दुसऱ्या एका रकान्यात बऱ्याच खात्यांसाठी नाव आणि पासवर्ड यांचा एमडी५ पडला होता. त्या मागच्या दाराने काही दिवसांतच १ कोटी १० लाख पासवर्ड बाहेर आले. ट्विटरनेही २०१८ मध्ये सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं ते पासवर्ड हॅश होण्याआधीच एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते म्हणून. तुमच्याकडे बघायच्या जागा : ॲपकडून सर्व्हरच्या एपीआयला आलेली पूर्ण विनंती छापणारा डीबग लॉग, ‘तुमचा पासवर्ड अमुक आहे’ असे एसएमएस (ते गेटवेच्या पॅनलवर जसेच्या तसे दिसतात), आणि सपोर्टच्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप. शेवटचा सगळ्यात वाईट.

कायद्याचं एवढंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार डेटा फुटल्याचं कळल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं. तेव्हा कोण कळवणार, त्या माणसाचं नाव आणि नंबर आधीच ठरवून ठेवा.

बदल झाला की जुना एमडी५ चा रकाना काढून टाका, नाव बदलून ‘जुना’ म्हणून ठेवू नका. आणि आतापर्यंतचे पेनड्राइव्ह, जीमेलवरचे झिप, सर्व्हरवरचे महिन्या-महिन्याचे डंप (डेटाबेसच्या पूर्ण प्रती) यांची यादी करून ते पुसा. नोंदी ठेवणं संस्थेला बंधनकारक असेल तर त्या डंपमधून पासवर्डचा रकाना उडवून नवा डंप बनवा आणि तो एनक्रिप्ट करून ठेवा. ऑडिटरला द्यायच्या पत्रात पद्धत, कॉस्टचा आकडा, ‘आत एमडी५’ खुणेच्या किती ओळी उरल्यात तो आकडा आणि कुठले बॅकअप कोणत्या तारखेला पुसले हे लिहा. उरलेल्या ओळींचा आकडा दर तिमाहीला कळवू असंही लिहून द्या, म्हणजे तो शून्यावर आणायचं काम मागे पडणार नाही.